सोंड्याच्या मागावर हैदराबादेत

हैदराबादला जाऊन मी चारमिनार पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यावर ज्यानं त्यानं तेच विचारलं, आणि मी नाही म्हटलं की समोरचा असा बघायचा, की ही बाई खरंच हैदराबादला गेली होती की भलतीकडेच कुठे. मी गेले होते एका नारळाच्या झाडासाठी. माझी धाकटी बहीण कुमुद लग्न होऊन तिकडे गेली त्याला जन्म लोटला. तिचं सासर मूळचं नांदेडकडचं, शेतकरी. निजामाच्या काळात तिचा सासरा शिकायला हैदराबादला आला, नोकरीला लागला आणि नारायणगुड्यात घर बांधून तिथलाच झाला. अंगणात त्यानं एक नारळ लावला होता. त्या नारळाला शेजाऱ्यानं विष घातलं आहे, असं कुमुदनं फोनवर सांगितलं आणि मी पिशवी भरली.

मलाच का बोलावलं, तर आमची वेंगुर्ल्याजवळ नारळाची बाग आहे आणि त्यातले बरेच माड मी डोळ्यांदेखत गमावले आहेत. सोंड्या भुंगा नावाचा प्रकार ज्यांनी पाहिला नाही ते सुखी. तांबूस रंगाचा, अंगठ्याच्या पेराएवढा, पुढे सोंडेसारखी वाकडी चोच. मादी झाडाची जखम शोधून तिच्यात अंडी घालते, अळ्या आतला गाभा खात बसतात, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माडाचा शेंडा एक दिवस मोडून खाली येतो. तेव्हापासून माझा कशावरच विश्वास उरलेला नाही. नर्सरीतून आलेलं रोप, कुणी तोडून टाकलेला ओंडका, शेजारच्या बागेतली उघडी खाच, सगळ्यांकडे मी पोलिसासारखी बघते. मुलगा म्हणतो, आई, तू भुंग्यापेक्षा जास्त पोखरतेस. म्हणू दे.

नामपल्ली ते नारायणगुडा

सोलापूरला गाडी बदलून सकाळी नामपल्लीला उतरले. आंध्राचे दोन तुकडे होऊन तेलंगण वेगळं झालं होतं ते हे दिवस. राज्य झालं होतं, पण वाटणी संपलेली नव्हती. कचेऱ्यांतली माणसं इकडे की तिकडे, याच्या याद्या अजून लागत होत्या. रिक्षावाल्यानं पिशवी आत ठेवायच्या आधी माझी जात-कुळी काढली. "लोकल हैं की नॉन-लोकल, अम्मा?" मी म्हटलं, कोकणातली. त्याला ते कुठल्याच खान्यात बसवता येईना. मग सगळ्या रस्त्याभर तो आरशातून माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्या मीटरकडे.

रस्त्याच्या मधोमध उंच उंच खजुरीसारखी शोभेची झाडं लावली होती. नव्या राज्याच्या स्वागताला ट्रकमधून आणलेली, वाढलेलीच झाडं. त्यांतल्या एकाचा शेंडा मोडक्या छत्रीसारखा लोंबत होता. मी ओरडले, "थांबव!" रिक्षावाला दचकून थांबला. उतरून मी बुंध्याशी गेले, वास घेतला. आंबूस, शिळ्या ताडीसारखा. हा वास माझ्या ओळखीचा होता. रिक्षात परत बसले तर तो म्हणाला, "झाड में क्या है, अम्मा? पैसा?" मी म्हटलं, चल. सोंड्या माझ्या आधीच हैदराबादेत पोचला आहे, एवढं मात्र मला तिथेच कळलं.

कुमुदनं दारातच मिठी मारली आणि लगेच माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. "ते बघ. तिकडचा बंगला. मोठ्यानं बोलू नक्को, खिडकीत बसलेला असतो." बंगला दुमजली होता. तिथे सत्यनारायण नावाचे निवृत्त प्राध्यापक एकटे राहत. मूळ राजमंड्रीकडचे, म्हणजे आताच्या हिशेबानं आंध्रावाले. तीस-पस्तीस वर्षांचा शेजार. आमचे माधवराव, म्हणजे कुमुदचे यजमान, आणि ते जामबागेत एकाच कॉलेजात शिकलेले. आधी ह्यांच्या घरी त्यांचं जेवण, त्यांच्या घरी ह्यांचं, असं होतं. आता दोन वर्षं बोलणं नाही.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"भांडण कुठे झालं? बोलणंच बंद झालं. आणि मग एक दिवस भिंतीवरून म्हणाले, वदिना, वहिनी म्हणजे, झाड काट डालो. का म्हणून काटायचं? त्यांच्या मोटारीवर झावळ्या पडतात म्हणून? मी दार लावून घेतलं. त्याच्यानंतर झाड सुकायला लागलं. तूच सांग आता."

मला काय सांगायचं? मला तर ते ऐकूनच पटलं होतं. माणूस झाड तोडा म्हणतो आणि मग झाड मरतं, यात न पटण्यासारखं काय आहे?

जेवायला अंबाडीची डाळ होती, चिंचेचं सार, शेंगदाणे-तिळाच्या रश्श्यातली वांगी. खोबऱ्याचा एक कण नाही. अंगणात नारळ आणि ताटात नारळ नाही, असं मी म्हटलं तेव्हा कुमुद म्हणाली, "आम्ही इकडे असंच खातो." आम्ही आणि इकडे. ही माझी बहीण, जिला लहानपणी सोलकढीशिवाय भात जात नव्हता. माधवराव खाली मान घालून जेवत होते. त्यांची कचेरी वाटली जायची होती आणि निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली असताना आपली उचलबांगडी तिकडे होते की काय, याची त्यांना धास्ती. ह्या घरात सगळेच कशाची तरी वाट बघत होते आणि कशावर तरी संशय घेत होते.

दुपारी झाड पाहिलं. मुळाशी माती खणली, काही नाही. बुंध्याला भोक नाही. खालच्या झावळ्या हिरव्या आणि मधल्या पिवळ्या. मुळाशी विष घातलं तर असं होत नाही, हे मला लगेच कळलं. पण संशय असा सुटत नाही. मी वर पाहिलं. सत्यनारायणांच्या गच्चीचा कठडा आणि झाडाचा शेंडा यांत फार तर शिडीभर अंतर. म्हणजे घालायचंच तर त्या माणसाला वरून घालता आलं असतं. कुमुदच्या घराची स्लॅब बैठी. तिथून लोंबणाऱ्या सुक्या झावळ्यांआड शेंडा काही दिसेना, आणि माझे गुडघे शिडीचे राहिलेले नाहीत.

आबिड्स

दुसऱ्या दिवशी मी भाचीला, अनघाला, घेऊन आबिड्सला गेले. अनघा बँकेत आहे, तेलुगू फाडफाड बोलते, मराठी पाटी मात्र अक्षर अक्षर जुळवून वाचते. तिला वाटलं मला साड्या बघायच्या आहेत. मी तिला बियाण्यांच्या आणि औषधांच्या दुकानात नेलं. माझा बेत असा, की नारळ मारायला लोक काय नेतात ते दुकानदाराकडून काढून घ्यायचं आणि मग तसल्या डब्याचा माग शेजारच्या कचऱ्यात काढायचा. मी सरळ विचारलं, "नारियल का झाड मरता है, ऐसा क्या क्या आता है?"

दुकानदारानं चष्मा काढला. "कैकू मारना है, अम्मा? किसका झाड है?"

"मुझे नहीं मारना."

"सब ऐसाच बोलते." त्यानं पाठ फिरवली. अनघा लाजेनं बाहेर जाऊन उभी राहिली. मी मग खरं सांगितलं, माझी बाग, माझे गेलेले माड, सोंड्या. तेव्हा तो निवळला. म्हणाला, आजकाल ह्याच किड्याचं औषध मागायला लोक येतात. रस्त्यावरची झाडं आली तेव्हापासून. "गोदावरी के बाजू से आए ट्रक. जाते जाते किडा छोड़ के गए वो लोग." असं म्हणून तो हसला, पण तितकासा गमतीनं नाही. पलीकडे गोणी उचलणाऱ्या माणसानं हे ऐकलं आणि गोणी जरा जोरातच आपटली. तो बहुतेक त्या लोकांपैकी, म्हणजे आंध्रावाला असावा.

इराणी हॉटेलात चहा प्यायलो. उस्मानिया बिस्किट खारट की गोड हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, तरी दुसरं मागवलं. अनघा म्हणाली, "मावशी, सत्यनारायण अंकलनी मला गणित शिकवलंय. ते असं करणार नाहीत." मी म्हटलं, गणित शिकवणाऱ्यालाच बेत चांगला आखता येतो. ती रागावली. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि मला तिचं मनातून आवडलं.

पलीकडची गच्ची

संध्याकाळी मी एकटीच शेजारी गेले. कुमुदला सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. बेल वाजवली, म्हटलं, मी कुमुदची मोठी बहीण, तुमच्या गच्चीवरून झाड बघायचंय. सत्यनारायण उंच, वाकलेले, पांढऱ्या लुंगीतले गृहस्थ. "या अक्का, या," म्हणाले, चक्क मराठीत. त्यांनी स्वतः कॉफी करून आणली. मी पेला हातात धरून बसले. प्यायले नाही. झाडाला घालणारा माणूस कॉफीत काय घालेल, असा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात खरोखर आला होता. त्यांनी भरलेल्या पेल्याकडे पाहिलं आणि जिना दाखवला.

जिन्याच्या तोंडाशी त्यांच्या अंगणातला एक लहान नारळ होता. नुकतंच खोड धरलेला, माझ्या छातीइतका. "मिसेसनं लावला," ते म्हणाले. "फळ बघायला राहिली नाही."

गच्चीच्या कठड्याशी गेले आणि शेंडा अगदी समोर आला. सुक्या झावळ्यांच्या मागे, कोवळ्या मानेत, लांबलचक लोखंडी खिळे मारलेले होते. एक ओळ जुनी, गंजलेली. तिच्या वर दुसरी. खिळ्यांना तारेचे तुकडे अडकलेले. प्रत्येक खिळ्याच्या भोवती भोक मोठं झालं होतं, त्यातून तांबडा चिकट रस खाली ओघळला होता आणि चावून टाकलेला भुसा बाहेर आला होता. तोच आंबूस वास. विष कुणी घातलंच नव्हतं. सोंड्याला लागते ती जखम खिळ्यांनी केली होती, आणि खिळे कुमुदच्या बाजूनं मारलेले होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गुढी," सत्यनारायण म्हणाले.

मला समजेना. मग त्यांनी कठड्यावर हात ठेवला. लोखंडी कठड्याला एका जागी उन्हानं पांढरी पडलेली सुंभाची दोरी गुंडाळलेली होती, तिची गाठ अजून शाबूत. "पहिले बांबू तिकडे खाली उभा करायचे माधवराव, आणि वरून मी इकडे बांधायचो. दर पाडव्याला. आमची उगादी पण त्याच दिवशी ना. मी बांधायचो, मग ते वर यायचे, आमची कडुनिंब-गुळाची पच्चडी खायचे. दोन साल से नै पूछे. झाडालाच खिळे मारून उभी केली. ठक ठक आवाज मी खाली बसून ऐकला."

"आणि वास? तुम्हाला वास आला असेल."

"आला ना. आमच्या तिकडे असा वास आला की झाड गेलं समजायचं. म्हणून तर बोललो, काट डालो. वदिनांनी दरवाजा बंद केला." ते थोडं हसले. "दोबारा बोलता तो क्या बोलते? आंध्रावाला जाताना झाड पण घेऊन चालला."

खाली येऊन मी कॉफी प्यायले. पार गार झाली होती. तरी सगळी प्यायले.

जामबाग

माधवरावांना मी घरात काही विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी फुलं आणायच्या निमित्तानं त्यांना जामबागेत घेऊन गेले. शेवंतीचे ढीग, झेंडूचे ढीग, आणि त्यांच्या जुन्या कॉलेजची भिंत. तिथे मी म्हटलं, "माधवराव, खिळे बघितले मी."

ते चालायचे थांबले. एरवी ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतात, त्या दिवशी त्यांच्या तोंडी नांदेड आलं. "ताई, त्या वक्ताला ऑफिसात काय चालू होतं तुम्हाला काय सांगू. डबे सुद्धा येगळे खाऊलाले होते लोक. टेबलं येगळी. मला म्हणायचे, तू मराठी, तू आमचा का त्यांचा ते सांग. गल्लीत सगळीकडं झेंडे. मी त्यांच्या कठड्याला दोरी बांधली असती, तर म्हणले असते, बघा, आंध्रावाल्याच्या आधारानं उभे राहूलालेत. मी म्हणलं, कुणाचं कठडं नको न काय नको. आपलं झाड हाय. आन् गुढी बी उंच दिसावी म्हणलं, झेंड्यांच्या वर."

"झाड गेलं आता."

"हौ," ते म्हणाले. "कळलं मला. दोन महिन्यांपासून कळूलालंय." त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्यांचा राग येईना. मी बोलायला नेलं होतं ते फटकारायच्या तयारीनं.

पण बोलावं लागलंच. ते झाड उभं ठेवून चालणार नव्हतं. आतल्या अळ्यांचे भुंगे झाले की ते उडून सगळ्यांत जवळचा नारळ शोधणार होते, आणि तो सत्यनारायणांच्या जिन्याशी होता. शिवाय कुमुदच्या अंगणात इतकं उंच झाड पाडायला जागा नव्हती. पलीकडे, त्यांच्याच अंगणात उतरवावं लागणार होतं. म्हणजे ज्याच्या कठड्याचा आधार नको होता, त्याच्याच दारी जाऊन सांगायचं होतं.

"मी जाऊ का?" मी विचारलं.

"नको," माधवराव म्हणाले. "मलाच जावं लागंल."

कुमुदला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "त्या पाडव्याला त्यांच्याकडून पच्चडीची वाटी आली होती. मी कुंडीत ओतली, ताई. म्हटलं, काय घातलं असेल कुणाला ठाऊक." आणि ती रडायला लागली. मी तिला काय समजावणार? मी तर कॉफीचा पेला हातात धरून बसले होते.

झाड उतरलं तो दिवस

माधवराव गेले तेव्हा सत्यनारायणांनी दारातच त्यांचा हात धरला, एवढं मला भिंतीवरून दिसलं. बोलणं ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्न केला नाही असं खोटं कशाला सांगू. थोड्या वेळानं सत्यनारायण स्वतः मोटार काढून रस्त्यावर लावत होते, कुंड्या एकेक करून हलवत होते. लहान नारळावर त्यांनी जुनी गादी बांधली.

झाड तोडणारा गडी एकदम पाडणार नव्हता. वरून तुकडे करत दोरीनं खाली सोडणार होता. आधी शेंडा. दोरीचं दुसरं टोक पलीकडच्या गच्चीवरच्या खांबाला वेढून कुणीतरी धरायला हवं होतं. माधवराव स्लॅबवर उभे राहिले, दोरीचं भेंडोळं हातात घेतलं आणि क्षणभर तसेच थांबले. मग हाक मारली, "सत्या, दोरी घे!"

पहिल्यांदा टाकली ती कठड्याला लागून परत आली. दुसऱ्यांदा सत्यनारायणांनी झेलली.

शेंडा खाली आला आणि गडी फोडायला लागला, तेव्हा आत गाभा असा नव्हताच. भुसा, ओला लगदा, आणि पांढऱ्या, जाड, करंगळीएवढ्या अळ्या वळवळत होत्या. धाग्यांनी विणलेले कोष निघाले. आम्ही चौघं त्या अंगणात उकिडवे बसून वेचत होतो, रॉकेलच्या डब्यात टाकत होतो. कुमुदनं पदर खोचला होता. ती सत्यनारायणांच्या शेजारी बसून अळ्या वेचत होती, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता भराभर हात चालवत होते. मध्येच ती म्हणाली, "भाईसाब, तुमच्या पायाशी एक आहे." दोन वर्षांतलं तिचं ते पहिलं वाक्य.

काही कोष रिकामे होते. ते मी बाजूला काढून सगळ्यांना दाखवले, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. त्यातले भुंगे आधीच उडाले होते. ओंडके ट्रॅक्टरमधून गावाबाहेर जाळायला नेले, तरी ते उडालेले कुठे गेले हे कोण सांगणार? सत्यनारायणांनी आपल्या लहान नारळाकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं, खोडाला कुठेही खरवडू देऊ नका, आणि रोज सकाळी बुंध्याला कान लावा. आत अळी असली तर कुरतडल्याचा बारीक आवाज येतो. खोड बुटकं आहे तोवर ऐकू येईल आणि वेळीच औषध घालता येईल.

घरी परतल्यावर

परत आल्यावर माझ्या मनातून तो लहान नारळ जाईना. पाडव्याला सकाळीच कुमुदला फोन लावला. माधवरावांचा हुकूम अजून आलेला नव्हता. इकडे की तिकडे, टांगणी तशीच. मी विचारलं, गुढी कुठे उभारली?

"त्यांच्या गच्चीवर. आदल्या दिवशी त्यांनीच विचारलं, बांबू केव्हा आणता म्हणून."

"खिळा नाही ना मारला कुठे?"

"नाही गं बाई! दोरीनं बांधली. थांब, ते इथेच आहेत, पच्चडी घेऊन आलेत, त्यांच्याशी बोल."

सत्यनारायण फोनवर आले. शुभेच्छा वगैरे झाल्या. मला धीर नव्हता. मी विचारलं, "नारळ कसा आहे? कान लावता ना?"

"लावतो, अक्का. रोज सकाळी. मला एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून माधवराव पण येतात. एका बाजूनं मी, एका बाजूनं ते."

"काही ऐकू येतं?"

"कुछ बी नै," ते म्हणाले. "फिर बी रोज आते."